रेडिओ, बॅटरी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे, आणि आज मला अगदी राहवत नाहीये! सकाळीच माझ्या टाकीत डिझेल पडलंय, बाकडी पुसून झालीयत, आणि नदीकडच्या दरवाजाशी पाहुणे जमायला लागलेत. आमचं गाव लहान आहे, पण जुनं आणि देखणं आहे. ते बघायला लांबून माणसं येतात, आणि त्यांना फिरवून आणायचं काम माझं आहे. इंजिन सुरू झालं की मला बोलता येत नाही. तेव्हा पाहुणे बसेपर्यंत माझी गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेव्हा मी पांढरी होते आणि दुधाचे कॅन वाहायची. सकाळच्या थंडीत खडखडाट करत दारोदार जायची. पुढे दूधवाल्याने मोठी गाडी घेतली आणि मला एका गॅरेजच्या मागच्या अंगणात लावून दिलं. तिथे माझ्यात कोंबड्या राहायला लागल्या. खरं सांगते, त्या कोंबड्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तुझी काही हरकत आहे का.

एके दिवशी तिथे एक नवरा-बायको आले. नवऱ्याने माझं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बायको मात्र आल्यापासून बोलतच होती.

"अहो, हिच्यात माणसं बसतील."

"हिच्यात कोंबड्या बसल्यात," नवरा म्हणाला.

"मग त्यांना उतरवा."

एवढ्यावर माझं नशीब ठरलं. नवऱ्याने माझं इंजिन खोलून, धुऊन, पुन्हा बसवलं. दारं कापून टाकली, आत बाकडी जोडली. रंग कुठला द्यायचा यावर दोघांची जुंपली. त्याला करडा हवा होता, मळ दिसत नाही म्हणून. ती म्हणाली, "लाल द्या. लोकांनी आपल्याला शोधत बसायचं का?" मग मोडीत निघालेल्या एका सर्कशीचा भोंगा तिने मिळवला आणि तो माझ्या छपरावर बसला. भोंग्याची तार खाली आली, तिला माईक लागला, आणि माईक तिच्या हातात गेला. तो नंतर पुष्कळ वर्षं तिच्या हातातून सुटला नाही.

गावाने दोघांना लगेच नावं ठेवली. ती रेडिओ आणि तो बॅटरी. बॅटरीशिवाय रेडिओ चालत नाही, आणि बॅटरी स्वतः कधी बोलत नाही. पाहुणे त्यांना काका-काकू म्हणायचे. मीही तेच म्हणते.

काय दिवस होते ते! नदीकडच्या दरवाजातून आम्ही आत शिरायचो, आणि काकूंचा भोंगा सुरू व्हायचा. "नमस्कार मंडळी! आता उजवीकडे बघा. अहो, तुम्ही डावीकडे बघताय, ती नुसती बँक आहे. उजवीकडे!" उजवीकडे गावाची जुनी तटबंदी होती. तिथल्या चुन्यात गवंड्यांच्या हातांचे ठसे उमटलेले आहेत. चुना ओला असताना कोणीतरी हात टेकला आणि तो हात तिथेच राहिला. काकू लोकांना खाली उतरवून म्हणायच्या, "फोटो नंतर काढा. आधी डोळे मिटा आणि त्या हातात आपला हात ठेवा." मोठमोठी माणसं डोळे मिटून भिंतीला हात लावून उभी राहायची. मला फार मजा वाटायची.

मग तांबटांची गल्ली. तिथे ठोक्यांचा एवढा आवाज असतो की भोंगासुद्धा लाजतो. काकू तांबटाला पाहुण्यांच्या हातात हातोडा द्यायला लावायच्या. "एकच ठोका मारा. नीट बसला तर तांबट मान डोलावेल. नाही बसला तर तो तुमच्याकडे बघणार पण नाही." मग चौकातला घड्याळाचा मनोरा. त्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. पूर्वीच्या माणसांचं त्यावर भागायचं. मनोऱ्याच्या पायथ्याशी पाववाल्या मावशीची भट्टी. लाकडावर भाजलेला पाव, त्यावर लोणी, त्यावर मध! पाव इतका गरम असायचा की लोक तो या हातातून त्या हातात उडवत खायचे. नदीवर कागदाच्या पुड्यात तळलेले छोटे मासे, बर्फाचं लिंबू सरबत, आणि सगळ्यात शेवटी जुनी विहीर.

त्या विहिरीत वाकून नाव घेतलं की नाव परत येतं. पण लगेच येत नाही. विहीर जरा विचार करते, आणि मग खालून कोणीतरी दुसराच माणूस तुमचं नाव घेतोय असं वाटतं. कसं वाकायचं, कुणाचं नाव घ्यायचं आणि किती वेळ गप्प राहायचं, हे काकू समजावून सांगायच्या.

काका माझं स्टीअरिंग धरायचे. ते काकूंच्या बोलण्यावर गाडी चालवायचे, हे फार कोणाला माहीत नव्हतं. काकूंचं वाक्य लांबलं की काका दुसरा गिअर टाकायचे. वाक्य संपत आलं की ब्रेकवर पाय. काकूंचा शेवटचा शब्द आणि माझं शेवटचं चाक बरोबर एकाच वेळी थांबायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि मी मनातल्या मनात मुजरा करायची.

मात्र एक गोष्ट होती, मित्रांनो. गाडी थांबली की काकू लोकांना घेऊन खाली उतरायच्या, आणि काका माझ्याजवळच राहायचे. फडकं घ्यायचे, काच पुसायचे, पाणी तपासायचे. म्हणजे गाडी चालू असताना काकू जे बोलायच्या ते त्यांना तोंडपाठ होतं. थांब्यावर उतरून त्या काय सांगतात, ते काकांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मग एका वर्षी ऐन हंगामात काकूंचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, सरबत जास्त झालं. पण आवाज काही उठेना. डॉक्टरांनी घशात बघितलं आणि सांगितलं, "आता एक शब्दही बोलायचा नाही. ऑपरेशन करू. आवाज परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

नेमकं त्याच वेळी नगरपालिकेने एक गोष्ट ठरवली. गल्ल्यांमधली जुनी दगडी फरशी गाड्यांनी उखडत होती, म्हणून इथून पुढे पाहुण्यांना फिरवायला एकाच गाडीला परवानगी मिळणार होती. परवानगी मागणारे दोघं होते: एक आम्ही, आणि दुसरी एक नवी कोरी पांढरी गाडी. ती विजेवर चालायची. तिच्यात प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लागायचे आणि त्यातून एका माणसाचा गुळगुळीत आवाज यायचा. नगरपालिकेच्या एक मॅडम दोन्ही गाड्यांतून एकेक फेरी मारून निकाल देणार होत्या. पांढरीतली फेरी झाली होती. दुसऱ्या दिवशी आमची.

हरलो तर मी भंगारात जाणार, हे मला कळत होतं. पण मला काळजी काकूंची होती. आवाज गेलाच होता, त्यात गल्ल्या पण गेल्या असत्या तर त्यांच्याकडे काय राहिलं असतं?

मी उभी राहते ती जागा त्यांच्या स्वयंपाकघराला लागून आहे. मला सगळं ऐकू येतं.

"अगं, मी त्यांना नाही म्हणून सांगतो," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

काकूंनी जोरात मान हलवली आणि काकांच्या छातीवर बोट ठेवलं.

"मी? मी बोलू? लोक पळून जातील गं!"

काकूंनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग फिरवल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या. चालत्या गाडीतून पळून कुठे जातील?

दुसऱ्या दिवशी माझी बाकडी भरली. मॅडम दुसऱ्या बाकड्यावर बसल्या, मांडीवर छत्री आडवी. काकू नेहमीप्रमाणे काकांच्या डावीकडे. काकांनी माईक हातात घेतला तेव्हा भोंग्यातून नुसती खरखर आली. पण माझं इंजिन सुरू झालं, चाकं फिरली, आणि काय सांगू तुम्हाला, काका बोलायला लागले!

"नमस्कार मंडळी! आमच्या गावात तुमचं स्वागत आहे. गाडी आमचे हे चालवतात. ते बोलत नाहीत, त्यांचं काही मनावर घेऊ नका."

मॅडमनी विचारलं, "आमचे हे म्हणजे कोण?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "मीच," ते म्हणाले.

काय हशा पिकला! काकूंनी तोंडावर पदर दाबून धरला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. काकांना मात्र थांबता येत नव्हतं. काकूंचं बोलणं त्यांना जसंच्या तसं पाठ होतं, त्यातला शब्दही बदलता येत नव्हता. "लहानपणी मी याच घाटावर धुणं धुवायला यायचे," असं ते आपल्या जाड आवाजात सांगत होते, आणि मागे लोक पोट धरून हसत होते.

तटबंदीशी आम्ही थांबलो. इंजिन बंद झालं आणि काकाही बंद झाले. तोंड उघडं, माईक हातात, पण शब्द नाही. थांब्यावर काय सांगतात ते त्यांना कुठे माहीत होतं! मग काकू उठल्या. त्यांनी आपले डोळे मिटून दाखवले, मॅडमचा हात धरला आणि भिंतीतल्या त्या हातावर नेऊन ठेवला. मॅडम बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पण काका घाबरले होते. थांबलो की फजिती होते, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणून चौकात पोचल्यावर ते थांबलेच नाहीत! "हा पाहा घड्याळाचा मनोरा, याला एकच काटा आहे," असं म्हणत आम्ही मनोऱ्याला चक्कर मारली. वाक्य संपलं. काकांनी ब्रेक दाबला नाही, पुन्हा पहिल्यापासून तेच वाक्य सुरू केलं आणि दुसरी चक्कर घेतली. मग तिसरी. माझी चाकं गरगरायला लागली. कबुतरं उडाली. तेवढ्यात पाववाली मावशी पावांचं ताट घेऊन भट्टीतून धावत बाहेर आली आणि माझ्या बाजूने पळायला लागली.

"अरे मेल्या, थांबतोस की नाही! पाव गार होतायत!"

"थांबलो तर बोलू काय?" काका म्हणाले. माईक चालूच होता, त्यामुळे हे अख्ख्या चौकाने ऐकलं.

"बोलू नकोस! खायला कशाला लागतंय बोलायला?"

आणि तिने पळता पळता पाव आत द्यायला सुरुवात केली. लोकांनी हात बाहेर काढले. पाव झेलले जात होते, मध ओघळत होता, एक पाव मॅडमच्या छत्रीवर पडला आणि तो त्यांनी तिथूनच उचलून खाल्ला. मी एवढी वर्षं फिरले, पण असा गोंधळ आणि असा आनंद कधी पाहिला नव्हता!

शेवटी विहीर आली. इथे थांबावंच लागतं, कारण पुढे रस्ता नाही.

लोक उतरून काठाशी उभे राहिले. काकूंनी वाकून दाखवलं, तोंडाशी हात धरून दाखवले. पण आवाजाशिवाय ते कोणाला समजेना. एकाला वाटलं, पाणी प्यायचं आहे. एक बाई म्हणाल्या, "विहिरीत कोणी पडलंय का?" काकूंनी पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मग त्यांचे हात हळूहळू खाली आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा रडवेला दिसला. मॅडम घड्याळात बघत होत्या.

काका माझ्याजवळ उभे होते, हातात फडकं. काकूंनी वळून त्यांच्याकडे बघितलं, सरळ येऊन त्यांची बाही धरली आणि त्यांना विहिरीपाशी ओढत नेलं. मित्रांनो, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एवढ्या वर्षांत काकांनी त्या विहिरीत एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

ते वाकले. आत अंधार होता, खूप खाली पाण्याचा एक चमकता तुकडा होता. काकूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. बोला ना.

लग्न झाल्यापासून काकांनी काकूंना "अगं" म्हणूनच हाक मारली होती. त्या दिवशी त्यांनी विहिरीत तोंड घालून काकूंचं नाव घेतलं. चांगलं मोठ्याने, पोटातून. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. विहिरीने जरा विचार केला. आणि मग खालून तेच नाव वर आलं, जुनं झाल्यासारखं, गार होऊन.

काका ताठ उभे राहिले आणि काकूंना म्हणाले, "अगं, हे तू रोज ऐकत होतीस होय?"

बास! त्यानंतर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जो तो काठाशी धावला. कोणी आईचं नाव घेतलं, कोणी मुलाचं. मॅडमनीसुद्धा छत्री बाजूला ठेवली आणि वाकून कोणाचं तरी नाव घेतलं, अगदी हळू. विहीर सगळ्यांना उत्तर देत राहिली.

परत आल्यावर मॅडम उतरल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "तुमच्या फेरीत चुकाच चुका झाल्या."

"हो बाई," काका म्हणाले. "रोज ही बोलते, तेव्हा नीट होतं सगळं."

"पांढऱ्या गाडीत एकही चूक झाली नव्हती." मॅडमनी आपले हात पुढे केले. एका तळव्याला चुना लागला होता, दुसरा मधाने चिकट झाला होता. "पण तिच्यातून उतरले तेव्हा माझे हात स्वच्छ होते."

परवानगी आम्हाला मिळाली! अट एवढीच होती की चौकात एकच चक्कर मारायची.

काकूंचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. वाळक्या पानांवरून उंदीर गेल्यासारखा, इतका बारीक. माईकलाही तो पकडता येईना. तो फक्त एकाच माणसाला ऐकू यायचा, कान अगदी जवळ नेला तर. मग आमची नवी पद्धत सुरू झाली. थांब्यावर आता दोघं मिळून उतरायचे. काकू काकांच्या कानात सांगायच्या आणि काका ते लोकांना सांगायचे.

त्यातही भांडणं होतीच. काकू पाच मिनिटं कानात कुजबुजायच्या, आणि काका एवढंच म्हणायचे, "हिचं म्हणणं आहे, बुरूज छान आहे." काकू त्यांना चापट मारायच्या. "बरं, फार छान आहे." अशी वर्षं गेली आणि काका हळूहळू सगळं पुरं सांगायला शिकले. ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं. लोक म्हणायचे, रेडिओ आता बॅटरीच्या आत गेलाय.

मग एका थंडीत काकू गेल्या. त्याबद्दल मला फार सांगता येत नाही.

काकांनी माझ्यावर ताडपत्री घातली. माझे टायर बसले. बाकड्याखाली उंदरांनी घर केलं, लाल रंगाचे पोपडे निघाले. कधी कधी काका ताडपत्रीच्या आत येऊन आपल्या जागेवर बसायचे. किल्ली लावायचे नाहीत. जरा वेळाने उठून जायचे. हंगाम आला आणि तसाच निघून गेला. मला वाटलं, संपलं आता.

एके दिवशी पाववाली मावशी आली. आता तीही म्हातारी झाली होती, पण आवाज तोच.

"गाडी काढतोस की मी काढू? लोक येऊन मला विचारतात विहिरीत काय बोलायचं, त्या भिंतीत कुठला हात. मी पाव भाजू की तुझी विहीर सांभाळू?"

"मला नाही जमणार गं."

"का नाही जमणार? इतकी वर्षं तुझ्या कानात कोण बोलत होतं? दुसऱ्या कुणाला ऐकू तरी जात होतं का ते? तिचं सगळं बोलणं आता तुझ्या एकट्याकडे आहे. ते काय ताडपत्रीखाली ठेवणारेस?"

काकांनी ताडपत्रीचं एक टोक धरलं, मावशीने दुसरं, आणि माझ्या अंगावर ऊन पडलं! तेव्हापासून आम्ही दोघं पुन्हा गल्ल्यांतून फिरतोय.

अरे, पाहुणे आले वाटतं! कोणीतरी पहिल्या बाकड्यावर उडी मारली. या, या! मित्रांनो, कधी आमच्या गावी आलात तर माझ्यातूनच फिरा. बाकड्यांवर नावं कोरू नका, मला लागतं. भूक ठेवून या, आणि हात मळले तर मळू द्या.

आणि एक विनंती आहे. थांबा आला की काका लगेच बोलणार नाहीत. डावीकडे थोडे कलतील, मान तिरकी करतील आणि गप्प राहतील. त्या वेळी खिदळू नका. "काका, विसरलात का?" असं ओरडू नका. ते विसरलेले नसतात, ऐकत असतात. तेवढं त्यांचं ऐकून होऊ द्या. आणि तुमच्या घरात कोणी फार बोलणारं असेल, तर त्यांना "किती बोलतेस" असं म्हणू नका. कान जवळ न्या.

किल्ली फिरली! सरकून बसा, सगळ्यांना जागा आहे.